एकेचाळीस नंबरचा धागा

१२ डिसेंबर २०२२, सोमवार

घड्याळ अजून चालू आहे.

आज दोन महिने झाले. शाळेतून आलो, चपला काढल्या आणि आधी तेच ऐकू आलं — रुचिकाच्या खोलीतलं टेबलावरचं लहान घड्याळ. ती म्हणाली होती, दिवाळीपर्यंत चाललं तरी खूप. दिवाळी ती गेल्यावर बारा दिवसांनी येऊन गेली. आमच्याकडे दिवे लागले नाहीत. घड्याळ चालूच.

दहा वर्षांपासून मी रोज दोन ओळी लिहितो. ऊन, पाऊस, गाडी किती वाजता मिळाली. मंजुषा लग्न झाल्यापासून हसते. "काय लिहिता जी रोज रोज? एसटीचं टाइमटेबल?" बहीण गेल्यापासून पानं कोरी आहेत. आजपासून पुन्हा लिहीन. दुसरं काही सुचत नाही म्हणून.

थंडी. सकाळी नदीकडून धुकं.

१३ डिसेंबर, मंगळवार

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसल्या. लेबलं सगळी तिच्या अक्षरात. तीन वर्षांपूर्वी सुट्टीत बसून तिनं लिहून दिली होती. मोरचुदाच्या बाटलीवर खाली बारीक अक्षरात — "भाऊ, झाकण घट्ट लाव."

लावलं.

१८ डिसेंबर, रविवार

आज बाबांनी पाणी दिलं. दर रविवारी देतात.

घड्याळाला बाजारचा सेल नाही. रुचिकानं केलेला आहे. काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी. आत एका बाजूला जस्ताची पट्टी, दुसऱ्या बाजूला काळा कागद. त्या कागदावर तिनं बनवलेले धागे आहेत, भट्टीत तापवून कोळसा केलेले. कागदाच्या बाजूला सुईनं पाडलेली भोकं. भोकांतून हवा आत जाते आणि हवेतल्या ऑक्सिजनवर बॅटरी चालते. जुलैत घरी आणली तेव्हा भोकांवर टेप चिकटवलेली होती. तिनं टेप काढली, घड्याळाच्या दोन तारा जोडल्या. काटा हलला.

"पाहा बाबा, श्वास घेऊन राहिली."

बाबांनी चाळीस वर्षं माग चालवला. नव्या यंत्रावर त्यांचा लवकर विश्वास बसत नाही. त्यांनी भोकांवर बोट दाबून धरलं. बराच वेळ काही झालं नाही, ते विजयी हसले, आणि मग काटा अडखळला. बोट काढलं तसा पुन्हा चालू लागला. तेव्हापासून ती बॅटरी त्यांची झाली. आतलं सुकू नये म्हणून आठवड्याला शुद्ध पाण्याचे दोन थेंब, ड्रॉपरनं. तिनंच शिकवलं होतं.

आज ड्रॉपर धरून हळूच म्हणाले, "घे माय."

मी दारात होतो. त्यांना दिसलो नाही.

२५ डिसेंबर, रविवार

मंजुषानं ताटं वाढली. चार. मग एक उचलून ठेवलं. 

३ जानेवारी २०२३, मंगळवार

संघपालचा फोन आला. भंडाऱ्याच्या कॉलेजात तो आणि रुचिका एकाच टेबलावर काम करायचे. लाखांदूरकडचा. तिला न्यायच्या दिवशी आमच्याकडे पवनीला आला होता, खांदा दिला होता. आज म्हणाला, ललिता मॅडमनी बोलावलं आहे. काय काम, ते फोनवर सांगेना. "या ना भाऊ. समोर बसून बोलू."

७ जानेवारी, शनिवार

सकाळच्या गाडीनं भंडारा. वाटेत अड्याळ, पहेला. दोन्हीकडे धान निघालेल्या मोकळ्या बांध्या.

ललिता मॅडम म्हणजे रुचिकाच्या गाईड. त्यांनी स्वतः चहा ओतला. मग सांगितलं.

मला समजलं ते असं. हवेवर चालणाऱ्या बॅटरीत खरी अडचण ऑक्सिजनची. त्याचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, ते सुटेपर्यंत बॅटरी ढिम्म. सोडवायला मदतनीस लागतो आणि सर्वांत चांगला मदतनीस प्लॅटिनम. तो परवडत नाही. (रुचिका म्हणायची, प्लॅटिनम आपल्या अख्ख्या मोहल्ल्यात कोणाच्या अंगावर नाही, म्हणून मी लोखंड घेतलं.) तिच्या काळ्या धाग्यांत लोखंडच होतं. चाळीस नमुने साधारण निघाले. एकेचाळीसावा प्लॅटिनमच्या तोडीचा निघाला. सप्टेंबरमध्ये त्यावर पेपर छापून आला. पहिलं नाव तिचं.

आता दुसऱ्या एका गटानं त्या मासिकाला लिहून कळवलं आहे — आम्ही पेपरात लिहिल्याप्रमाणे केलं, होत नाही. मासिकानं मॅडमना तीन महिने दिले आहेत. पुन्हा करून दाखवा, नाही तर पेपर मागे घ्या. मागे घेतला की तसं कायमचं छापून राहतं. तिच्या नावासमोर.

मी विचारलं, तुम्ही करून पाहिलं का.

संघपालनं सहा वेळा केलं. सहाही वेळा नाही.

मॅडमनी कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "तिला थांबायचं होतं. पुन्हा येऊ द्या मॅडम, मग पाठवू, म्हणत होती. प्रोजेक्टची मुदत संपत होती. घाई मी केली, भूपेंद्रजी."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी उठून दोन्ही कप विसळून ठेवले. लॅबची सवय.

तिच्या वहीची झेरॉक्स दिली. घरी काही चिठ्ठी, फोटो, काहीही सापडलं तर बघा म्हणाल्या.

जाताना संघपालनं ती खोली दाखवली. मी ती एकदाच पाहिली होती, गेल्या मे महिन्यात, आंबे द्यायला गेलो तेव्हा. तेव्हा तिथे एसी नव्हता, भट्टी झाली होती. जूनमध्ये एसी बसला. बाकी सगळं तेच. काचेची पेटी. आत इंजेक्शनची सुई. समोर फिरणारा ड्रम. सुईतून चिकट द्रव निघतो आणि वीस हजार व्होल्टच्या ओढीनं त्याचा धागा होतो, केसाहून शंभरपट बारीक. तेव्हा तिनं बजावलं होतं, "हात नोको लावू भाऊ, मरशीन." आणि मग हसून — "बाबाले सांग, आपला धंदा काही सुटला नाही म्हणा."

तिचा पांढरा कोट अजून खिळ्याला आहे. खिशात पेन. मी पेन काढलं, पुन्हा ठेवलं.

८ जानेवारी, रविवार

"मरशीन." मला म्हणाली होती.

१५ जानेवारी, रविवार

संक्रांत. आमच्याकडे वर्षभर सण नाही. तरी परसराम सर तिळगूळ घेऊन आले. आमच्या शाळेत गणित शिकवतात. त्यांचा पुतण्या त्याच कॉलेजात आहे. अंगणात बसले, थंडीचं बोलले, गोसीखुर्द धरणाच्या पाण्याचं बोलले. उठता उठता म्हणाले, "तुमच्या बहिणीनं आकडे बसवले म्हणे. चालते तसं पीएच.डी.त. तुम्ही मनावर नका घेऊ."

मी त्यांना फाटकापर्यंत सोडलं. या सर, म्हटलं.

बाबा आत होते. ऐकलं की नाही, माहीत नाही.

तिनं आकडे बसवले नाहीत. लहानपणी कॅरमच्या सोंगट्या मोजतानासुद्धा ती मला एक कमी करू देत नसे. पण हे कोणाला दाखवू?

२२ जानेवारी, रविवार

वही वाचून झाली. तीनदा.

एकेचाळीसचं पान साधं आहे. "१४ मे, शनिवार. द्रावण ४० नंबरचंच. अंतर, व्होल्ट, सगळं ४० सारखं. सुरुवात सकाळी ११." बस. पुढे मग तपासणीचे आकडे, आणि समासात एक उद्गारचिन्ह. एवढंच.

त्यानंतरची पानं वाचवत नाहीत. ४२ — नाही. ४३ — नाही. द्रावण नवीन केलं, नाही. सुई बदलली, नाही. लोखंडाचा क्षार त्याच बाटलीतला घेतला, नाही. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. शनिवार-रविवारी घरी यायची, जेवायची, खोलीत जायची. मला वाटायचं अभ्यास आहे. मी कधी विचारलं नाही कसला. आपल्याला काय कळणार, असं वाटायचं.

शेवटच्या पानावर काही नाही, फक्त एक ओळ, खाली दोन रेघा ओढलेल्या: "१४ मेला काय झालं?"

तापात तेच विचारत होती. दवाखान्यात, पाचव्या दिवशी. डोळे उघडे होते पण ओळखत होती की नाही कोण जाणे. "भाऊ, त्या दिवशी काय झालं होतं? सांग ना." मी कपाळावरची पट्टी बदलली. म्हटलं, झोप. पुन्हा तेच — "सांग ना." मी म्हटलं, झोप आता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

४ फेब्रुवारी, शनिवार

संघपाल पवनीला आला. बाबांच्या पाया पडला. जेवायला बसला, पण भात चिवडत राहिला. मंजुषा म्हणाली, "काहून? आमच्या हातचं गोड नाही लागत का?" तेव्हा कुठे दोन घास खाल्ले.

मग बोलला. एकेचाळीसचा कणही लॅबमध्ये शिल्लक नाही. तपासण्यांमध्ये संपला. तो धागा जवळून कसा दिसत होता, ते कोणी पाहिलंच नाही, कारण नागपूरच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकावर नंबर लागेपर्यंत माल संपला होता. "आता जे काही उरलं ते..."

तो थांबला. खोलीतून घड्याळ ऐकू येत होतं.

डबी फोडून काळा कागद खरवडावा लागेल. पुन्हा जोडता येणार नाही. त्यानं खोटं सांगितलं नाही, हे बरं केलं.

बाबा उठले. खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

५ फेब्रुवारी, रविवार

बाबांना विचारलं. म्हणाले, "ते बंद पडलं तर मी रविवारी कायले उठू?"



१२ फेब्रुवारी, रविवार

आज सांगून टाकलं. सकाळी चहा घेताना. बाबा, लोक म्हणतात तिनं खोटं लिहिलं.

त्यांनी कप खाली ठेवला. कोण म्हणते, ते विचारलं नाही. जुनी एक गोष्ट सांगू लागले, मला माहीत असलेली. माझ्या जन्माआधीची. एका व्यापाऱ्यानं चार लोकांत म्हटलं होतं, चंद्रभानच्या मालात भेसळीचा धागा असतो. बाबांनी त्याच्या गादीवर बसून, त्याच्या समोर, नवं कोरं पातळ काठापासून उसवलं. आठ दिवसांचं काम. धागा न्‌ धागा त्याच्या हातात दिला.

"पोरीचं बी उसवा लागंन," म्हणाले.

त्यांनीच तारा काढल्या. त्याआधी दोन थेंब पाणी दिलं. रविवार होता ना. काटा नऊ वीसवर थांबला. मी डबी माझ्या दुपट्ट्यात गुंडाळली, त्यांनीच विणलेला, उन्हासाठी असतो माझ्याजवळ बाराही महिने. साडेदहाची गाडी मिळाली. अख्ख्या रस्त्यात डबी मांडीवर होती. भोकांवर टेप लावायची राहिली हे पहेल्याला लक्षात आलं. दुपट्ट्याची घडी थोडी सैल केली.

१३ फेब्रुवारी, सोमवार

घरात आवाज नाही. शाळेत आहे. प्रयोगशाळेत दिवसभर टिकटिक ऐकू आली. भिंतीवरचं घड्याळ तर गेल्या वर्षीच बंद पडलं आहे.

१९ फेब्रुवारी, रविवार

बाबा ड्रॉपर घेऊन खोलीत गेले. मग बाहेर आले.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

संघपालनं फोनवर दोन फोटो पाठवले. पहिला त्याच्या स्वतःच्या धाग्यांचा — गुळगुळीत, शेवयांसारखे. दुसरा एकेचाळीसचा. वाळलेल्या दोडक्याची जाळी असते ना, तशी. प्रत्येक धागा आरपार भोकाभोकांचा. हवेला आत जायला वाटच वाट! म्हणजे खरंच वेगळा होता. तिनं बनवून सांगितलं नव्हतं.

त्याचा फोन आला तेव्हा तो एका दमात बोलत होता. अशी भोकं कधी पडतात ते पुस्तकात आहे — धागा सुकत असताना हवेत ओल असली तर. पाण्याची वाफ धाग्यात शिरते, मग निघून जाते, भोक राहतं. "पण भाऊ, मे महिना. भंडाऱ्याचा. ओल आणली कुठून तिनं? वहीत एक अक्षर नाही."

बाबा शेजारी बसून ऐकत होते. फोटो दाखवला. डोळ्याला भिंग लावून पाहिला. मग त्यांनी विचारलं, धागा तुटत असंन ना उन्हाळ्यात?

संघपाल म्हणाला, हो, कोरड्या हवेत तुटतो, उडतो.

"मग फडका ठेवला असंन तिनं," बाबा म्हणाले. म्हणजे त्यात काय विचारायचं, अशा आवाजात.



आमच्या घरात मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्यात उन्हाळाभर ओला फडका असतो. सुती धागा कोरडा पडला की तुटतो. म्हणून मार्च लागला की खड्ड्यात पाणी शिंपायचं, ताण्याच्या उभ्या धाग्यांखाली ओला फडका टांगायचा. आईचं ते काम होतं, मग माझं, मग रुचिकाचं. कोणी कोणाला शिकवलं नाही. धागा तुटताना दिसला की हात आपोआप पाण्याच्या बादलीकडे जातो. हे कोणी वहीत लिहील का? मागावर बसण्याआधी धोतर खोचलं, हे कोणी लिहितं का?

हे सगळं मी संघपालला फोनवरच सांगितलं. तो लिहून घेत होता.

११ मार्च, शनिवार

बाबा भंडाऱ्याला आले! सात वर्षांनी एसटीत बसले. कंडक्टरला म्हणाले, "पोरीच्या कारखान्यात चाललो."

एसी बंद केला, खिडक्या उघडल्या. आज ऊन चांगलंच होतं. बाबांना खुर्ची दिली. संघपालनं पेटी चालू केली. सुरुवातीला धागा दिसतच नाही. नीट पाहिलं तर सुईच्या टोकाशी धूर हलल्यासारखं, आणि मधूनच पिंजलेल्या कापसासारखा पुंजका उडतो.

"तुटते," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे अधू आहेत. त्यांना कसं दिसलं कोण जाणे.

फडका त्यांनी घरूनच आणला होता, मागाच्या खड्ड्यातला. बेसिनमध्ये भिजवला, पिळला, पेटीत हवा जायची खाली जाळी आहे तिच्यासमोर टांगला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. पुंजके उडायचे थांबले. ड्रमवर पांढरं, सारखं, दुधाच्या सायीसारखं बसू लागलं.

मॅडम काही विचारणार होत्या. बाबांनी त्यांच्याकडे न पाहता बोट वर केलं. "आता बोलू नोको बाई. धागा लागला."

मॅडम गप्प बसल्या! संघपालनं तोंड फिरवून हसू दाबलं.

मला सारखं वाटत होतं की हे मी आधी पाहिलं आहे. ही पेटी, ही ओल्या कापडाच्या वासाची हवा, पुंजके उडायचे थांबणं. घरच्या मागावर शंभरदा पाहिलं आहे, म्हणून असेल. पण तिच्या कोटाकडे पाहवेना.

चहा घेताना मॅडमनी विचारलं, "फडका ठेवला, तर मग पुढचे चार महिने ती शोधत काय होती?" मीच उत्तर दिलं. हाताची सवय, मॅडम. तिला स्वतःलाच कळलं नसेल. जूनपासून एसी आला, खोली थंड झाली, धागा तुटेना, तसा हातही उठला नाही. मॅडमना पटलं. मलाही पटलं.

१९ मार्च, रविवार

आकडे आले. एकेचाळीसच्या तोडीचे. संघपालनं दोनदा केलं, दोन्ही वेळा.

फोनवर तो आधी हसला, मग आकडे पुन्हा वाचून दाखवले. मी फोन बाबांच्या कानाला लावला. ते फक्त हं हं करत होते.

परसराम सर शाळेत भेटतील उद्या. त्यांना काही सांगायचं नाही असं ठरवलं आहे. कळेल तेव्हा कळेल.

२२ मार्च, बुधवार

पाडवा. गुढी नाही. बाबा कोणाला न सांगता मागावर बसले. हातभर विणलं. मंजुषानं न विचारता खड्ड्यात पाणी शिंपलं.

ऊन ३८.

२६ मार्च, रविवार

संघपाल नवीन डबी घेऊन आला. ओला फडका ठेवून केलेल्या धाग्यांची. बाबांनी तारा जोडल्या. घड्याळ चालू झालं. त्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, हिचा आवाज वेगळा आहे. आवाज घड्याळाचा, बॅटरीचा कसा असेल?  पण मलाही तसंच वाटलं.

दुपारी मॅडमचा फोन. मासिकानं मान्य केलं. पेपर राहतो. त्याला एक टिपण जोडायचं आहे, आणि त्यात ओल्या फडक्याची ही पद्धत रुचिकाची म्हणून जाईल, नावानं. मी म्हटलं, फार उपकार झाले. त्या म्हणाल्या, असं बोलू नका.

मग म्हणाल्या, टिपणात त्या दिवसाची हवा लिहावी लागेल, ऊन किती होतं वगैरे. लॅबमध्ये नोंद नाही. "रुचिका सांगायची, माझा भाऊ रोजचं ऊन लिहून ठेवतो. तुमच्याकडे असेल ना, चौदा मे?"

असेल, म्हटलं. बघून सांगतो.

फोन ठेवला आणि बरं वाटलं. तिच्या कामात माझी एक ओळ लागेल. ती आजारी पडेपर्यंत एक दिवस चुकवलेला नव्हता. काहीतरी कामाला आलं.

जुन्या डायऱ्या बाबांच्या पेटीत आहेत. उद्या-परवा काढतो.

२८ मार्च, मंगळवार

पान सापडलं. माझंच अक्षर.

"१४ मे, शनिवार. ऊन ४४. आंबे घेऊन रुचिकाकडे. कॉलेजला सुट्टी, ती एकटीच. सिलेंडरची गाडी आली म्हणून तासभर गेटवर गेली. पेटीत धागा तुटत होता. दुपट्टा भिजवून जाळीसमोर स्टुलावर टाकला. तुटणं थांबलं. ती यायच्या आत काढून डोक्याला बांधला, ओरडली असती. तीनच्या गाडीनं परत."

ती मलाच विचारत होती.